सातव्या महिन्यातली तारीख

डोंगराच्या उतरणीवर पर्सिमॉन या नारिंगी, गोड फळाची पहिली झाडे लावली ती फान आसुईने. त्याचा मुलगा फान तंगफू याने त्या झाडांखाली फळे वाळवण्याचे अंगण बांधले आणि वाऱ्याचा रोख पाहून भिंत कुठे घालायची नाही हे ठरवले. तंगफूचा मुलगा फान चिनफा याने अंगणाच्या अर्ध्या भागावर पत्रा चढवला, मालवाहू गाडी आणली आणि चाळिशीपर्यंत लग्न न करून आईच्या जिवाला घोर लावला. या तिघांच्या मागून, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, फान युशान जन्माला आला. घराण्याच्या वंशावळीत ही चारही नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्या वहीत मुलींची नावे लिहीत नाहीत, त्यामुळे तंगफूची धाकटी बहीण आलान तीत कुठेच नव्हती. वास्तविक गेली चाळीस वर्षे त्या अंगणातली प्रत्येक परडी तिच्या हाताखालून गेलेली होती.

युशानचे ओठ अखंड होते, नाक सरळ होते. तिसऱ्या दिवशी पाजताना दूध त्याच्या नाकातून आले तेव्हा कुठे कळले की तोंडातली टाळू मागपर्यंत दुभंगलेली आहे. त्याची आजी क्वेईमोई हिने सुनेला पहिला प्रश्न विचारला तो असा:

"तुझ्या खोलीत कात्री कोणी चालवली?"

सून यीचुन बाळाचे नाक पुसत राहिली. पोटुशीच्या खोलीत कात्री चालवली तर गर्भाचा देव दुखावतो आणि मूल कापल्या अंगाने येते, हे त्या डोंगरात कोणाला शिकवावे लागत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर क्वेईमोईलाच आठवले. सुनेला तिसरा महिना लागला होता. खोलीचा पडदा जमिनीवर लोळत होता म्हणून तिने स्वतःच तो चार बोटे कापून घेतला होता. हे तिने कोणाला सांगितले नाही. त्या दिवसापासून मात्र बाळाला दाबून पाजायची बाटली तिने दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. त्याला उभे धरून, थेंबाथेंबाने, घोटामागे थांबून ती पाजत असे, आणि दर आठवड्याला फळे तोलायच्या काट्याला झोळी बांधून त्याचे वजन करत असे.

अकरावा महिना लागला तेव्हा वजन पुरेसे भरले. शहरातल्या इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या लायबाईंनी युशानला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याच्याशी खेळ केला. तो हसत होता, हात आपटत होता आणि अखंड बोलत होता. पण त्या बोलण्यात फक्त म होता आणि न होता.

"आजी, हे बघा," लायबाई म्हणाल्या. "प म्हणायचं तर तोंडात हवा भरायची आणि फोडायची. याची हवा टाळूतून नाकात निसटते. म्हणून गडी म वरच अडलाय."

"बोलायला लागला की येईल."

"तिथंच तर भीती आहे. मूल हुशार असतं. तोंडात हवा थांबत नाही म्हटल्यावर ते ती खाली गळ्यात अडवतं आणि तिथून ठोका देतं. एकदा ती खोड जडली की नंतर टाळू शिवली तरी गळा ऐकत नाही. मग वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून ती मोडावी लागते. काही मुलांची मोडते, काहींची नाही."

"मग पाळण्यात असतानाच का नाही शिवली?"

"फार लवकर हात लावला तर वरचा जबडा खुरटतो, आणि तान्ह्या जिवाला भूलही झेपायला हवी. फार उशीर केला तर बोली जाते. हा मधला काळ आहे, आजी. शब्द फुटायच्या आधीचा. तुमची तारीख लागलीय पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या द्वादशीला."

क्वेईमोईने पिशवी उचलली. "सातव्या महिन्यात नाही."

चिनफाने आईकडे पाहिले आणि मग आपल्या बुटांकडे. सातव्या महिन्यात पाताळाचे दार उघडे असते. ज्यांना कोणी जेवू घालत नाही असे सगळे मृत महिनाभर रस्त्याने फिरतात. त्या महिन्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, पाण्यात उतरत नाहीत, आणि अंगाला सुरी लावणे तर कोणाच्या मनातही येत नाही.

"म्हणून तर तारीख मिळाली," लायबाई सरळ म्हणाल्या. "तो महिना आमची टेबलं रिकामीच असतात. माझी आई असती तर तिनंही तुमच्यासारखंच तोंड केलं असतं. पण पुढं आमचे सर्जन दोन महिने बाहेरगावी, मग रांग, मग थंडी. थंडीत पोरांना सर्दी होते आणि सर्दीत भूल देत नाहीत. हा दीड वर्षाचा होईल, आजी."

"होऊ दे दीड वर्षाचा. जिवंत तर राहील."

घरी आल्यावर तिने स्वतः फोन लावला आणि तारीख रद्द केली. यीचुन दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, एकदा मला विचारायचं तरी."

"तुला कशाला विचारू? तू शहरातली. तुला सातवा महिना म्हणजे दुकानातल्या सुट्या."

"मला माझं पोर कळतं," यीचुन म्हणाली. सासूसमोर ती इतके कधी बोलली नव्हती. मग ती आत जाऊन आपली वही लिहीत बसली. लायबाईंनी सांगितल्याप्रमाणे बाळाने दिवसभरात कोणकोणते आवाज काढले ते ती त्या वहीत टिपत असे.

महिना उघडला. क्वेईमोईने घराला शिस्त लावून दिली: बाहेर वाळत घातलेले कपडे उजेड असतानाच आत घ्यायचे, शीळ वाजवायची नाही, आणि घराबाहेर कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही, कारण हाकेला ओ देणाऱ्याचे नाव ते फिरणारे लक्षात ठेवतात. अंगणात हे काम नसलेले दिवस असतात. फळे अजून झाडावर हिरवी असतात. आलान पत्र्याखाली बसून मोडक्या परड्यांना बांबूच्या नव्या कामट्या घालत होती, आणि युशान तिच्या पायाशी चटईवर असे. वर्षानुवर्षे आलान फारशी बोलली नव्हती. तिचे बोलणे नाकातून गुणगुणल्यासारखे येई आणि मध्येच गळ्यात कुठेतरी ठेचकाळे. बाजारात तिने सुतळी मागितली की दुकानदार दोन वेळा विचारून तिसऱ्यांदा क्वेईमोईकडे पाही, आणि क्वेईमोई सांगे, "सुतळी म्हणते." घरच्यांना मात्र तिचे सगळे कळत असे. बाळाशी तर ती दिवसभर बोलायची.

नवमीच्या दुपारी क्वेईमोई भिंतीला टेकवलेल्या परड्यांच्या मागे सुऱ्या मोजत होती. तिला पलीकडून आलानचा आवाज ऐकू आला. कामटी बसवताना ती स्वतःशी पुटपुटते तसा, गळ्यात अडकलेला, दोन ठोक्यांचा. थोड्या वेळाने पुन्हा तोच. क्वेईमोई म्हणाली, "काय गं, बोट कापलंस का?" आणि परड्यांना वळसा घालून आली.

आलान तिथे नव्हती. ती विहिरीवर गेली होती. चटईवर एकटा युशान बसला होता, हातातल्या कामटीशी बोलत होता, आणि त्याच्या गळ्यातून तो ठोका येत होता.

क्वेईमोई तिथेच खाली बसली. सुऱ्यांचे गाठोडे तिच्या मांडीवर राहिले.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी आलान सहा वर्षांची होती आणि क्वेईमोई या घरात नवी सून होती. पाद्र्यांच्या दवाखान्यात एक परदेशी सर्जन आला होता, आणि आलानच्या दुभंगलेल्या टाळूसाठी त्याने दिवस ठरवून दिला होता. त्याच महिन्यात क्वेईमोईला दिवस गेल्याचे कळले. सासू म्हणाली, घरात गर्भ असताना घरातल्या कोणाच्याच अंगाला सुरी लावायची नाही. सासरा मात्र घुटमळला. पोरगी आधीच मोठी झाली आहे, असे डॉक्टर म्हणाला होता. शेवटी त्याने सुनेकडे पाहून विचारले होते, "तुझं काय म्हणणं?" त्या घरात तिला कोणी काही विचारण्याची ती पहिली वेळ होती. आलान दारात उभी होती. तिने नवे बूटही घातले होते. क्वेईमोईने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी नेऊ. मी स्वतः नेईन तिला."

चिनफा जन्मला, अंगाने अखंड. तो सर्जन त्या हिवाळ्यात आपल्या देशाला निघून गेला. दुसरा यायला नऊ वर्षे लागली. त्याने आलानची टाळू शिवली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तिच्या गळ्याने आपली वाट केव्हाच धरली होती. तेव्हाही तिला क्वेईमोईने नेले नव्हते. फळांचा हंगाम होता, म्हणून सासरा एकटाच तिला घेऊन गेला. त्या गोष्टीबद्दल आलान कधी एक शब्दही बोलली नाही.

विहिरीवरून आलान परत आली. युशानने तिला पाहून हात वर केले आणि तोच ठोका दिला. आलानने बादली खाली ठेवली. तिने बाळाकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले, आणि बाळाला न उचलताच ती आत गेली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. जेवताना ताट घेऊन ती मागच्या पायरीवर बसली. बाळ रांगत तिच्याकडे गेले की ती उठून दुसरीकडे जाई. शेवटी क्वेईमोईने तिला पत्र्याखाली गाठले.

"हे काय मांडलंयस? तोंडाला कुलूप लावलंस ते?"

आलानने मान हलवली.

"मी विचारतेय आलान. मोठ्या वहिनीला उत्तर देत नाहीत का?"

"माझं लागेल त्याला," आलान म्हणाली. परक्या कानाला ते नुसते गुणगुणणे वाटले असते. "माझ्याकडून शिकतोय तो. तुम्ही त्याला माझ्यापाशी ठेवू नका, वहिनी."

क्वेईमोईने आपल्या आयुष्यात लाखो फळे हाताने दाबली होती. सोललेले फळ वाऱ्यावर तीन-चार दिवस राहिले की एक वेळ येते. तेव्हा अंगठ्याने दाबले तर ते आतून मऊ होते. त्याआधी दाबले तर फुटते. ती वेळ टळली की मग कितीही दाबा, मधली गाठ तशीच राहते, आणि वाळताना वरून कितीही साखर चढली तरी चावणाऱ्याला ती गाठ लागते. कामावर येणाऱ्या नव्या बायकांना ती हे दरवर्षी ओरडून सांगत असे. पाऊस येवो, घरात मयत होवो, वेळ झालेली परडी ताटकळत ठेवायची नाही.

ती ताडकन उठली आणि घरात जाऊन चिनफासमोर उभी राहिली.

"फोन लाव त्या बाईला. तारीख मागून घे."

"आई, परवाच द्वादशी आहे. तूच तर रद्द—"

"मी रद्द केली, आता मीच मागतेय. लाव."

फोन लागेपर्यंत यीचुन वही छातीशी धरून उभी होती. चिनफा नुसता हो, हो म्हणत होता, आणि त्या प्रत्येक हो मधून काय निघणार ते कळत नव्हते. जागा गेली असेल, असे क्वेईमोईला क्षणभर अगदी स्पष्ट दिसले. कोणीतरी तिच्यापेक्षा शहाण्या आजीने ती घेतली असेल. चिनफाने फोन ठेवला.

"त्या म्हणाल्या, सातव्या महिन्यात कोण येतंय? जागा तशीच आहे. उद्या भरती व्हा. सर्दी असली तर मात्र परत पाठवतील."

"सर्दी नाही त्याला," क्वेईमोई म्हणाली. आणि तेवढ्यात युशान शिंकला. सगळेजण त्याच्याकडे पाहत राहिले. तो पुन्हा शिंकला नाही, तरीही त्या संध्याकाळी चौघांनी मिळून पन्नास वेळा त्याच्या कपाळाला हात लावला असेल.

निघण्याआधी क्वेईमोईने फाटकाबाहेर टेबल मांडले. भात, डुकराचे उकडलेले मांस, भाताची दारू, फळे आणि तोंड धुवायला पाण्याचे तसराळे व नवा पंचा. रस्त्याने फिरणाऱ्यांसाठी हे दरवर्षी असेच मांडायचे असते. उदबत्त्या लावून ती ताठ उभी राहिली आणि मजुरांना बजावावे तसे मोठ्याने बोलली: "पोटभर जेवा. आणि नीट ऐकून ठेवा. पडदा मी कापला. तारीखही मीच घेतली. कोणाला काही म्हणायचं असेल तर घरात बाई मी मोठी आहे, माझ्याकडे यायचं. पोराकडे बघायचं नाही." मागे उभ्या असलेल्या यीचुनने पडद्याचे ऐकले. ती पुढे आली आणि सासूच्या हातातली उरलेली उदबत्ती घेऊन तिने ती मातीत रोवली.

द्वादशीच्या सकाळी युशान उपाशी होता आणि त्याला भूल द्यायच्या आधी पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. तो रडून रडून लाल झाला होता. क्वेईमोईच्या पिशवीत तळाशी तांदळाच्या पेजेची लहान बाटली होती. दोन थेंबांनी काय होते, असे मन म्हणत होते. ती बाटली घेऊन ती मोरीपाशी गेली, पूर्ण उपडी केली आणि रिकामी बाटली यीचुनच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

इस्पितळाच्या व्हरांड्यात बरीच माणसे होती. दार उघडले आणि परिचारिकेने कागद पाहून खणखणीत आवाजात पुकारले:

"फान युशान!"

क्वेईमोईने चिनफाची बाही घट्ट पकडली. सातव्या महिन्यात, पूर्ण नाव, इतक्या मोठ्याने. आता ओ देणार कोण? चिनफाने तोंड उघडले आणि आईच्या डोळ्यांकडे पाहून मिटले. परिचारिका पुन्हा ओरडली, "फान युशान आहे का नाही?"

तेव्हा कोपऱ्यात बसलेली आलान उठली. अनोळखी माणसांत ती कधी आवाज काढत नसे. तिने हात वर केला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओ दिली. चार-पाच माणसांनी वळून पाहिले. एक पोरगी हसली.

"तू का गं?" क्वेईमोई कुजबुजली. "तुला काही झालं तर?"

"माझं बोलणं माणसांना कळत नाही वहिनी," आलान म्हणाली. "भुतांना काय कळणार?"

क्वेईमोईला हसू फुटले, आणि ते हसू मध्येच कुठेतरी मोडले. दार बंद झाले होते.

दोन तास सांगितले होते. तीन होत आले. क्वेईमोई एकदाही बसली नाही. चिनफा खालून चहा घेऊन आला, तो तसाच निवला. आत तेवढेसे तोंड, त्यात सुरी, त्यात सुई, आणि बाहेर तो महिना. चूक झाली असेल तर ती कोणाची, हे तिला ठाऊक होते. त्रेचाळीस वर्षांपूर्वी नाही म्हणून आणि आज हो म्हणून, दोन्ही वेळा तिचेच तोंड. आलान तिच्या शेजारी उभी होती. क्वेईमोईने तिचा हात धरला. इतक्या वर्षांत तो असा कधी धरलेला नव्हता.

"आलान. पुढच्या वर्षी तुला आणते इथं."

आलानने हात सोडवून घेतला नाही, पण ती भिंतीकडे पाहू लागली. हे वाक्य तिने आधी ऐकलेले होते.

मग आतून रडणे ऐकू आले. यीचुन सगळ्यांच्या आधी उठली. "ऐका," ती म्हणाली, "तोंडातून रडतोय."

रडणे खरोखरच वेगळे होते. उघडे, भरलेले, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असे. युशान बाहेर आला तेव्हा त्याच्या हनुवटीवर रक्ताची पुसट रेघ होती आणि बोटे तोंडात जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधलेल्या होत्या. अशा टाळूमुळे कानांत साचलेले पाणीही डॉक्टरांनी काढले होते. क्वेईमोईने त्याचे कपाळ हुंगले आणि त्याला सुनेकडे दिले. "तुझं पोर. आता बाटली तू धर."

त्यानंतर वर्षभर यीचुन दर पंधरा दिवसांनी त्याला लायबाईंकडे नेत राहिली. लायबाईंनी आलानला निरोप धाडला होता, की बोलणे सर्दीसारखे लागत नाही. तो ठोका त्याच्या टाळूच्या भगदाडाने शिकवला होता, आत्याआजीने नव्हे. आणि मुलाशी जितके बोलाल तितके थोडे. तरीही आलान पहिले दोन महिने त्याच्याशी हातांनीच बोलत होती. ठोका लगेच गेला नाही. कधी चार दिवस ऐकू येत नसे आणि पाचव्या दिवशी जेवताना येई, आणि सगळ्यांचे घास हातात राहत. यीचुनच्या वहीत त्या दिवसांवर लाल खूण असे. हळूहळू खुणांमधले अंतर वाढत गेले.

पुढच्या वर्षी दहाव्या महिन्यात, वारा सुटल्यावर, सगळे अंगण नारिंगी झालेले असताना क्वेईमोईने कामाचा झगा काढून ठेवला, चांगले कपडे घातले आणि काठी हातात घेतली. दाबायची वेळ झालेल्या साठ परड्या पत्र्याखाली होत्या.

"आई, आज?" चिनफा म्हणाला. "आज तू निघालीस तर परड्या कोण बघणार?"

"तू बघ. तुला अंगठे नाहीत का? आलान, बूट घाल."

आलानला वाटले, बाळाला धरायला नेत आहेत.

लायबाईंनी कागदाची एक पातळ पट्टी युशानच्या ओठांसमोर धरली. हवा तोंडातून बाहेर आली तर ती पट्टी हलते. नाकातून निसटली तर नाही. "युशान, ही कोण?" त्यांनी आलानकडे बोट केले.

त्या भाषेत आजोबांच्या बहिणीला कूफो म्हणतात. युशानने आलानकडे पाहिले. गेल्याच आठवड्यात वहीत एक लाल खूण पडली होती.

"कूफो!" तो म्हणाला, आणि पट्टी फडफडली. ती हलते हे पाहून त्याला गंमत वाटली. "कूफो, कूफो, कूफो!"

आलानने दोन्ही हातांनी तोंड झाकले. आयुष्यभर तिला स्वतःला जे म्हणता आले नाही ते सगळे त्या दोन अक्षरांत होते, आणि ते तिचेच नाते होते.

लायबाई वहीत काहीतरी लिहू लागल्या. क्वेईमोईने काठी जमिनीवर टेकवली.

"ते मागाहून लिहा, बाई. आता हिचं तोंड बघा."

"यांचं?"

"पन्नास वर्षांची आहे. टाळू उशिरा शिवली. त्यात दोष माझा. तुमच्या सर्जनला मी महिन्यापूर्वी पत्र घातलंय, त्यांचं उत्तर आलंय. टाळूला लावायची पट्टी करता येते म्हणतात, नाकाकडे जाणारी हवा अडवायला. पूर्ण नाही, पण बाजारात सुतळी मागण्यापुरतं तरी सुधारेल."

"वहिनी, मी म्हातारी झाले," आलान म्हणाली.

"मी तुला पुढच्या वर्षी नेते म्हटलं होतं. स्वतः नेते म्हटलं होतं." क्वेईमोईचा आवाज नेहमीसारखाच हुकमी होता, फक्त शेवटी थोडा खाली आला. "वर्ष जरा लांबलं. बस त्या खुर्चीत."

आलान खुर्चीत बसली. आपले बूट तिने एकमेकांना जुळवून सरळ ठेवले, सहा वर्षांच्या मुलीसारखे. लायबाईंनी दिवा ओढला. तोंड उघडण्याआधी आलान वहिनीकडे वळली आणि काहीतरी बोलली. सावकाश, गळ्यात दोनदा अडखळत.

"काय म्हणाल्या त्या?" लायबाईंनी विचारले.

चाळीस वर्षे तिचे बोलणे जगाला सांगत आलेल्या क्वेईमोईला या वेळी थोडा वेळ लागला.

"म्हणते," तिने सांगितले, "फिटलं."